वजा एक की वजा दोन? विश्वचषकाच्या ‘क’ गटाचा हिशेब

पात्रता फेरीत मिळू शकणाऱ्या एकूण गुणांपैकी प्रत्यक्षात किती मिळवले, या एकाच निकषावर २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकातील ‘क’ गट मांडला, तर क्रम असा लागतो : मोरोक्को १०० टक्के, स्कॉटलंड ७२ टक्के, हैती ६१ टक्के आणि सर्वांत शेवटी ब्राझील, ५२ टक्के. पाच वेळचा जगज्जेता तळाला आणि ५२ वर्षांनी विश्वचषकात परतणारा हैती त्याच्या वर. ‘फिफा’च्या नोव्हेंबर २०२५ च्या क्रमवारीत मात्र ब्राझील पाचवा, मोरोक्को अकरावा, स्कॉटलंड छत्तिसावा आणि हैती चौऱ्याऐंशीवा होता.

दोन्ही याद्या खऱ्या आहेत. पहिली यादी प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहत नाही. दुसरीत मागील काही वर्षांच्या पुण्याईचा वाटा मोठा आहे. या गटात काय घडू शकते हे समजून घ्यायचे, तर दोन्ही बाजूला ठेवून आकडे एकेक करून तपासावे लागतात. तसे केले की लक्षात येते, की गटाचा सगळ्यात चुरशीचा प्रश्न ‘पहिला कोण’ हा नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या खात्यात किती गुण आणि किती गोलफरक असेल, हा आहे.

एका दृष्टिक्षेपात : पात्रता फेरी

ब्राझील (दक्षिण अमेरिका) : १८ सामने, ८ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव, गोल २४–१७, गुण २८
मोरोक्को (आफ्रिका) : ८ सामने, ८ विजय; गोल २२–२; गुण २४
स्कॉटलंड (युरोप) : ६ सामने, ४ विजय, १ बरोबरी, १ पराभव, गोल १३–७, गुण १३
हैती (उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन, अंतिम टप्पा) : ६ सामने, ३ विजय, २ बरोबरी, १ पराभव, गोल ९–६, गुण ११

तिसऱ्या क्रमांकाची किंमत

हा पहिलाच ४८ संघांचा विश्वचषक. १२ गट, १०४ सामने. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ बाद फेरीत जातील आणि त्यांच्याबरोबर १२ गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम ८ संघही. या तिसऱ्या संघांची तुलना आधी गुणांवर, मग गोलफरकावर, मग केलेल्या गोलांवर होईल.

बारापैकी आठ म्हणजे दोन तृतीयांश. युरो स्पर्धेत २०१६ पासून सहापैकी चार तिसरे संघ पुढे जातात; प्रमाण तेच. त्यामुळे २०१६, २०२० आणि २०२४ या तीन युरो स्पर्धा आपल्याला तयार नमुना देतात. तीन स्पर्धांत मिळून १८ संघ तिसरे आले. त्यांची विभागणी अशी होते :

४ गुण मिळवणारे ८ संघ. आठही पुढे गेले.
३ गुण मिळवणारे ९ संघ. ४ पुढे गेले, ५ बाहेर पडले.
२ गुण मिळवणारा १ संघ. तो बाहेर पडला.

म्हणजे चार गुण हा भरवशाचा आकडा. तीन गुणांवर मात्र सगळे गोलफरकावर येते. पुढे गेलेल्या चार संघांपैकी पोर्तुगाल, उत्तर आयर्लंड आणि स्लोव्हेनिया यांचा गोलफरक शून्य होता, युक्रेनचा वजा एक. बाहेर पडलेल्या पाचांमध्ये तुर्कस्तान, अल्बानिया आणि फिनलंड वजा दोनवर होते, हंगेरी वजा तीनवर आणि स्लोव्हाकिया वजा पाचवर. रेषा अगदी स्वच्छ आहे : वजा एकपर्यंत दार उघडे, वजा दोनला बंद.

अर्थात नऊ संघांवरून नियम सिद्ध होत नाही. विश्वचषकातही १९८६ ते १९९४ या काळात २४ संघ आणि सहापैकी चार तिसरे संघ अशीच पद्धत होती. १९९० मध्ये स्कॉटलंडने एक सामना जिंकला, दोन हरले, गोलफरक वजा एक राहिला आणि संघ घरी परतला. १९९४ मध्ये रशियाचे तीन गुण आणि अधिक एक गोलफरक होता, तरीही जागा मिळाली नाही, कारण त्या वर्षी पुढे गेलेल्या चारही तिसऱ्या संघांचे गुण चार किंवा सहा होते. तेव्हा हिशेब असा धरावा : चार गुण म्हणजे जवळपास निश्चिती, तीन गुण आणि शून्य गोलफरक म्हणजे चांगली आशा, वजा एक म्हणजे टांगती तलवार आणि त्याखाली काही नाही.

हे प्रमाण हातात घेऊन आता चारही संघांकडे पाहू.

ब्राझील : गटात अभेद्य, पण आकडे घसरलेले

२०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझीलने १७ सामन्यांत ४५ गुण मिळवले होते. १४ विजय, ३ बरोबरी, एकही पराभव नाही, गोल ४०–५. या वेळी १८ सामन्यांत २८ गुण. मिळालेल्या गुणांचे प्रमाण ८८ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. सामन्यामागे गोल २.३५ वरून १.३३ वर घसरले आणि प्रतिस्पर्ध्यांचे गोल तिपटीहून अधिक वाढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये माराकाना मैदानावर अर्जेंटिनाने ब्राझीलला १–० ने हरवले. विश्वचषक पात्रता फेरीत ब्राझील घरच्या मैदानावर त्याआधी कधीच हरला नव्हता. मार्च २०२५ मध्ये ब्युनोस आयर्सला त्याच अर्जेंटिनाने ४–१ अशी धूळ चारली.

त्या पराभवानंतर ब्राझीलने असे पाऊल उचलले, जे पूर्वी कल्पनेतही आले नसते : परदेशी प्रशिक्षक नेमला. इटलीचे कार्लो अँचेलोटी यांनी प्रशिक्षक म्हणून पाच वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली आहे. इतकी दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. २०२५ च्या अखेरपर्यंत त्यांच्या हाताखाली ब्राझील ८ सामने खेळला : ४ विजय, २ बरोबरी, २ पराभव, गोल १४–५. यातील सर्वांत बोलका आकडा बचावाचा आहे. आठपैकी पाच सामन्यांत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. झालेल्या पाच गोलांपैकी तीन एकट्या जपानविरुद्ध, टोकियोतील एकाच उत्तरार्धात झाले. २–० ने पुढे असलेला ब्राझील तो सामना ३–२ ने हरला आणि जपानने ब्राझीलला प्रथमच हरवले.

साखळी फेरीत मात्र ब्राझीलचा इतिहास कोणत्याही संघाला हेवा वाटावा असा आहे. १९८२ पासून २०२२ पर्यंत सलग ११ विश्वचषकांत ब्राझीलने आपला गट जिंकला. साखळीतच बाहेर पडण्याची वेळ शेवटची आली ती १९६६ मध्ये. संघाचे दुखणे पुढच्या टप्प्यावर आहे : २००६ मध्ये फ्रान्स, २०१० मध्ये नेदरलँड्स, २०१४ मध्ये जर्मनी, २०१८ मध्ये बेल्जियम, २०२२ मध्ये क्रोएशिया. पाचही वेळा बाद फेरीत युरोपीय संघाने वाट अडवली.

या वेळी तो प्रश्न लवकरच समोर येईल. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ‘क’ गटाचा विजेता ‘फ’ गटातील दुसऱ्या संघाशी आणि ‘क’ गटातील दुसरा संघ ‘फ’ गटाच्या विजेत्याशी खेळणार आहे. ‘फ’ गटात नेदरलँड्स आणि जपान हे दोघेही आहेत. त्यामुळे गट जिंकूनही सोपा सामना मिळेलच असे नाही.

मोरोक्को : एका स्पर्धेने बदललेला देश

मोरोक्को आणि स्कॉटलंड या दोघांच्या विश्वचषकातील कारकिर्दीचे आकडे शेजारी ठेवले, की डोळे विस्फारतात. दोन्ही संघ आजवर विश्वचषकात बरोबर २३ सामने खेळले आहेत. मोरोक्को : ५ विजय, ७ बरोबरी, ११ पराभव. स्कॉटलंड : ४ विजय, ७ बरोबरी, १२ पराभव. एका सामन्याचा काय तो फरक. तरी एक संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला आणि दुसरा साखळीच्या पलीकडे कधीच न गेलेला.

हा फरक एकाच स्पर्धेने घडवला. २०१८ पर्यंत मोरोक्कोचे १६ सामन्यांत फक्त २ विजय होते. २०२२ मध्ये कतारमध्ये ७ सामन्यांत ३ विजय मिळाले आणि स्पेनविरुद्धची गोलशून्य बरोबरी पेनल्टींवर विजयात बदलली. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल अशा संघांना ओलांडून उपांत्य फेरी गाठणारा मोरोक्को हा पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब देश ठरला. त्या प्रवासाचे रहस्य बचावात होते. उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांच्या जाळ्यात एकच चेंडू गेला, तोही कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल.

त्यानंतरची तीन-चार वर्षे सांगतात, की ते यश अपघाती नव्हते. मार्च २०२३ मध्ये टँजियरच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मोरोक्कोने ब्राझीलला २–१ ने हरवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इजिप्तला ६–० ने नमवून कांस्यपदक घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या वीस वर्षांखालील संघाने चिलीत अर्जेंटिनाला २–० ने हरवून जगज्जेतेपद जिंकले. त्याच महिन्यात मुख्य संघाने सलग सोळावा विजय नोंदवून स्पेनचा १५ विजयांचा विश्वविक्रम मागे टाकला. जानेवारी २०२६ मध्ये मायदेशातील आफ्रिका चषकात हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. कर्णधार अशरफ हकिमी २०२५ चा आफ्रिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या संघाची एकच बाजू आकड्यांत कच्ची दिसते. कतारमध्ये त्यांनी सात सामन्यांत सहाच गोल केले. पात्रता फेरीतील २२ गोल नायजर, टांझानिया, झांबिया आणि काँगो यांच्याविरुद्धचे आहेत. ते ब्राझीलविरुद्धच्या सामन्यासाठी प्रमाण मानता येणार नाहीत. बचाव मात्र जागतिक दर्जाचा आहे, आणि साखळीतील तीन सामन्यांत बचाव भक्कम असणारा संघ सहसा उपाशी राहत नाही.

१९९८ ची आठवण मोरोक्कोलाही आहे. त्या वर्षी ब्राझील, मोरोक्को आणि स्कॉटलंड हे तिन्ही संघ एकाच गटात होते, चौथा नॉर्वे. मोरोक्कोने नॉर्वेशी २–२ बरोबरी केली, ब्राझीलकडून ०–३ हार पत्करली आणि स्कॉटलंडला ३–० ने धूळ चारली. चार गुण, गोलफरक शून्य. नॉर्वेने अखेरच्या सामन्यात ब्राझीलला २–१ ने हरवले, पाच गुण केले आणि मोरोक्को बाहेर पडला. आजच्या नियमांत त्याच चार गुणांवर बाद फेरीचे दार उघडले असते.

स्कॉटलंड : गोलफरकाचे जुने वैर

१८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४–२ ने हरवले. डेन्मार्कला बरोबरी पुरेशी होती, स्कॉटलंडला विजयच हवा होता. तिसऱ्या मिनिटाला स्कॉट मॅकटॉमिनेने हवेत उलटे झेपावत मारलेली ओव्हरहेड किक, डेन्मार्कने दोनदा साधलेली बरोबरी आणि इंज्युरी टाइममध्ये टियर्नी आणि मॅकलीन यांनी केलेले दोन गोल, अशा चढउतारांनंतर २८ वर्षांची प्रतीक्षा संपली. डेन्मार्क शेवटचा अर्धा तास दहा खेळाडूंनिशी खेळला, हेही निकाल वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

हा स्कॉटलंडचा नववा विश्वचषक. याआधीच्या आठ विश्वचषकांत आणि चार युरो स्पर्धांत, म्हणजे एकूण १२ मोठ्या स्पर्धांत, संघ एकदाही साखळी ओलांडू शकला नाही. त्यातला गोलफरकाचा वाटा क्रूर म्हणावा असा आहे. १९७४ मध्ये स्कॉटलंड एकही सामना हरला नाही. ब्राझीलशी ०–०, युगोस्लाव्हियाशी १–१, झैरवर २–० विजय. ब्राझील, युगोस्लाव्हिया आणि स्कॉटलंड यांचे गुण समान झाले. युगोस्लाव्हियाने झैरला ९–० ने, ब्राझीलने ३–० ने आणि स्कॉटलंडने २–० ने हरवले होते. ब्राझीलचा गोलफरक अधिक तीन, स्कॉटलंडचा अधिक दोन. दुबळ्या संघाविरुद्ध कमी पडलेल्या एका गोलाने अपराजित संघ घरी गेला. १९७८ मध्ये नेदरलँड्स आणि १९८२ मध्ये सोव्हिएत संघ, दोन्ही वेळा गुण समान आणि गोलफरक आडवा.

स्टीव्ह क्लार्क २०१९ पासून प्रशिक्षक आहेत. त्यांनी संघाला २०२० आणि २०२४ च्या युरोपर्यंत नेले, ही मोठीच कामगिरी. पण तिथले आकडे चिंतेचे आहेत : ६ सामने, एकही विजय नाही, गोल ३–१२. गोलफरक एकदा वजा चार, एकदा वजा पाच. तिसऱ्या संघांनाही पुढे जाण्याची संधी असलेल्या स्पर्धांत स्कॉटलंड दोन्ही वेळा चौथा आला.

या वेळी मधल्या फळीची ताकद वाढली आहे. मॅकटॉमिनेने २०२४–२५ मध्ये नापोलीला इटलीचे विजेतेपद मिळवून देताना लीगमध्ये १२ गोल केले आणि तो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कर्णधार अँडी रॉबर्टसनने लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकलेली आहे. प्रश्न गोलरक्षणाचा आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या निष्काळजीपणाचा आहे. १९७८ मध्ये इराणशी १–१ बरोबरी, १९९० मध्ये पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या कोस्टा रिकाकडून ०–१ हार; अशा सामन्यांनी स्कॉटलंडला फार रडवले आहे. ब्राझीलला तर त्यांनी दहा सामन्यांत एकदाही हरवलेले नाही : ८ पराभव, २ बरोबरी.

हैती : घरचे मैदान नसलेला संघ

योगायोग असा, की हैतीही १८ नोव्हेंबर २०२५ लाच पात्र ठरला. निकाराग्वाला २–० ने हरवून होंडुरास आणि कोस्टा रिका यांना मागे टाकत त्यांनी गट जिंकला. १८०३ मध्ये याच तारखेला व्हर्तिएरच्या लढाईत गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या सैन्याने फ्रेंचांचा पराभव केला होता आणि पुढे १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. हैतीतल्या माणसांसाठी त्या रात्रीचा अर्थ केवळ खेळापुरता नव्हता.

राजधानी पोर्तो-प्रँसच्या बहुतांश भागावर सशस्त्र टोळ्यांचा ताबा असल्यामुळे हा संघ ‘घरचे’ सामने सुमारे ८०० किलोमीटरवरील कुरासाओ बेटावर खेळला. फ्रेंच प्रशिक्षक सेबास्तियाँ मिन्ये यांना पात्र ठरेपर्यंत हैतीच्या भूमीवर पाऊलही ठेवता आले नव्हते. अशा परिस्थितीत सहा सामन्यांत ११ गुण, आणि ‘घरच्या’ तिन्ही सामन्यांत एकही गोल न होऊ देणे, याला ‘गटातला सोपा पेपर’ म्हणणे हा अन्याय आहे. कोस्टा रिकाकडून त्यांनी दोन सामन्यांत चार गुण घेतले : डकेन्स नाझोनच्या तीन गोलांच्या बळावर ३–३ आणि मग १–०. स्कॉटलंडला १९९० मध्ये हरवणारा देश हाच.

तरी आकड्यांचे दुसरे टोकही पाहायला हवे. होंडुरासमध्ये संघ ०–३ ने हरला. ब्राझीलविरुद्ध आजवरचे तीन सामने ०–४, ०–६ आणि १–७ असे सुटले. १९७४ च्या एकमेव विश्वचषकात तीन पराभव झाले, गोल २–१४. ते दोन्ही गोल इमॅन्युएल सॅनॉनचे. त्यातल्या पहिल्याने इटलीचा गोलरक्षक डिनो झॉफची आंतरराष्ट्रीय सामन्यांत १,१०० हून अधिक मिनिटे गोल न होऊ देण्याची मालिका तोडली. म्हणजे विश्वचषकातील हैतीचा पहिला गुण अजून व्हायचा आहे.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये हैतीच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. खेळाडूंना आणि संघाच्या पथकाला सूट आहे, देशातून येऊ पाहणाऱ्या चाहत्यांना नाही. मात्र बॉस्टन आणि आसपास हैतीतून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. पहिला सामना तिथेच असल्यामुळे हैतीला इतकी वर्षे न मिळालेला घरचा पाठिंबा कदाचित परदेशात मिळेल.

सामने आणि गणित

१३ जून : ब्राझील–मोरोक्को (न्यू जर्सी), हैती–स्कॉटलंड (बॉस्टन)
१९ जून : स्कॉटलंड–मोरोक्को (बॉस्टन), ब्राझील–हैती (फिलाडेल्फिया)
२४ जून : स्कॉटलंड–ब्राझील (मायामी), मोरोक्को–हैती (अटलांटा)

या तारखा अमेरिकेच्या आहेत. भारतात हे सामने दुसऱ्या दिवशी पहाटे आणि सकाळी दिसतील.

समजा, १९९८ चे निकाल जसेच्या तसे लागले : स्कॉटलंड ब्राझीलकडून १–२ आणि मोरोक्कोकडून ०–३ ने हरला. दोन्ही मिळून गोलफरक वजा चार. मग वजा एकवर येण्यासाठी हैतीला तीन गोलांनी आणि शून्यावर येण्यासाठी चार गोलांनी हरवावे लागेल. विश्वचषकातील स्कॉटलंडचे चार विजय आहेत २–०, ३–२, ५–२ आणि २–१. तीन गोलांचा फरक एकदाच, १९८२ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध. चार गोलांचा कधीच नाही. दुसरी वाट आहे ती मोठे पराभव टाळण्याची. हैतीवर दोन गोलांनी विजय आणि उरलेल्या दोन सामन्यांत एकेका गोलाने हार, तर गोलफरक शून्य. तिसरी वाट सर्वांत चांगली : हैतीवर विजय आणि मोरोक्को किंवा ब्राझीलशी एक बरोबरी. चार गुण झाले, की युरोच्या तीन स्पर्धांत कोणीही बाहेर पडलेले नाही.

हैतीचे गणितही तितकेच स्पष्ट आहे. स्कॉटलंडला हरवले, तर पुढचे दोन्ही सामने कमीत कमी गोलांनी हरूनही आशा राहते. म्हणूनच होंडुरासमधल्या ०–३ सारखी पडझड या संघाला परवडणारी नाही. शून्य–दोनवर असतानाही बचाव सोडायचा नाही, हा धडा सर्वांत आधी त्यांना गिरवावा लागेल.

आकड्यांच्या आधाराने माझा अंदाज असा : ब्राझील आणि मोरोक्को पहिल्या दोन जागा घेतील आणि त्यांच्यातील बचावाचा दर्जा पाहता पहिल्या दिवशीचा सामना कमी गोलांचा होईल. गट कोण जिंकेल, हे सांगण्याइतका फरक त्यांच्यात आज नाही. स्कॉटलंड तीन गुणांवर तिसरा येईल आणि त्याचे भवितव्य इतर अकरा गटांच्या निकालांवर अवलंबून राहील. ते टाळायचे असेल, तर क्लार्क यांच्या संघाने १३ जूनला आघाडी घेतल्यावरही दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलासाठी धावत राहायला हवे. १९७४ मध्ये झैरविरुद्ध २–० वर समाधान मानण्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे. हैतीने मात्र १३ जूनच्या सामन्यात एक गुण जरी मिळवला, तरी या गटाचे सगळे गणित नव्याने मांडावे लागेल. मैदानाशिवाय इथवर आलेल्या संघाला तेवढा हक्क नक्कीच आहे.